सिक्वेलमधला चेहरा आणि सोमेश्वरचा धबधबा

ऑगस्ट २००० मध्ये निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीने जपानमधल्या आपल्या प्रदर्शनात एक छोटी चित्रफीत दाखवली. 'झेल्डा' मालिकेचा नायक लिंक तलवार घेऊन खलनायक गॅननडॉर्फशी लढतोय, आणि तेव्हाच्या मानाने दोघेही अगदी हाडामांसाचे वाटताहेत. पुढचा झेल्डा असाच दिसणार, असं चाहत्यांनी धरून टाकलं. वर्षभराने, ऑगस्ट २००१ मध्ये, खरा खेळ समोर आला तो भलताच. बुटका लिंक, भलेमोठे डोळे, सपाट रंग, कात्रीने कापल्यासारख्या सावल्या. थोडक्यात, कार्टून. या तंत्राला सेल-शेडिंग म्हणतात, म्हणून चिडलेल्या मंडळींनी खेळाचं नावच 'सेल्डा' पाडलं.

पुढचं गंमतशीर आहे. हाच खेळ 'विंड वेकर' नावाने डिसेंबर २००२ मध्ये जपानात आला आणि 'फामित्सु' या तिथल्या मातब्बर नियतकालिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले. चाहत्यांना हवा होता तसा गंभीर चेहऱ्याचा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' २००६ मध्ये मिळाला. पण जुने खेळ झळाळी देऊन पुन्हा काढायची वेळ आली, तेव्हा कार्टूनवाल्याचा नंबर आधी लागला, २०१३ मध्ये. दुसऱ्याचा २०१६ मध्ये. 'डायब्लो ३' या दुसऱ्या एका खेळाची पहिली दृश्यं २००८ मध्ये आली तेव्हाही रंग फार भडक म्हणून सह्यांची मोहीम निघाली होती. काहींनी तर कंपनीचीच चित्रं काळवंडून 'हे बघा, असं हवं होतं' म्हणून दाखवली.

चाहते असे का चिडतात, यावर ठरलेलं उत्तर असतं: पोरांना बदल सोसत नाही, जुन्या आठवणींत रमतात. त्यात तथ्य नाही असं नाही, पण या उत्तरात डोळ्यांचा विचारच नाही. मला तर वाटतं, चिडलेला चाहता खरं बोलत असतो. त्याला तो चेहरा खरोखरच वाकडा दिसत असतो. हे समजायला नाशिककरांना लांब जायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सोमेश्वरला जा. धबधब्यातल्या एकाच जागी मिनिटभर टक लावून बघा आणि मग नजर शेजारच्या खडकावर न्या. खडक हळूहळू वर चढताना दिसेल. रॉबर्ट अॅडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावरून ही नोंद केली होती.

खडक का चढतो? मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या, वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. स्थिर वस्तूकडे बघताना दोन्ही गट जवळपास सारखेच कुजबुजत असतात, आणि ही बरोबरी म्हणजेच 'हलत नाही' हा निष्कर्ष. मिनिटभर पाणी बघून पहिला गट मंदावतो, बरोबरी मोडते. डोळ्यात बिघाड काहीच नाही. फक्त शून्य कुठे मानायचं, ते मेंदूने सरकवलेलं असतं.

आता हेच चेहऱ्यांना लावा. मायकेल वेब्स्टर आणि ओटो मॅक्लिन यांनी १९९९ मध्ये लोकांना काही मिनिटं ताणलेले, आक्रसलेले चेहरे दाखवले. नंतर साधा, सरळ चेहरा समोर ठेवला, तर तो उलट्या बाजूने बिघडलेला दिसू लागला. आक्रसलेले चेहरे पाहिलेल्याला साधा चेहरा पसरट वाटे. २००३ मध्ये जिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवलं की काही मिनिटांत 'देखणं काय' हेसुद्धा त्या बिघडलेल्या चेहऱ्यांच्या दिशेने सरकतं.

म्हणजे धबधब्याला जसा शून्य, तसा चेहऱ्यांनाही: पाहिलेल्या चेहऱ्यांची सरासरी. प्रत्येक चेहरा आपण या सरासरीपासून किती आणि कुठे सरकलाय यावरून ओळखतो. २००१ मध्ये डेव्हिड लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी एखाद्या माणसाचा 'प्रतिचेहरा' संगणकावर तयार केला: त्याचं नाक सरासरीहून लांब, तर याचं तेवढंच आखूड, त्याची हनुवटी पुढे, तर याची मागे. हा प्रतिचेहरा काही सेकंद बघितल्यावर लोकांना सरासरी चेहऱ्यातच तो मूळ माणूस दिसू लागला! मला हा प्रयोग वाचून जो आनंद झाला, तो शब्दांत सांगणं कठीण आहे.

ज्यांना बारावीचे सदिश आठवतात त्यांनी हा परिच्छेद वाचावा, बाकीच्यांनी खुशाल उडी मारावी. २०१७ मध्ये ले चांग आणि डोरिस त्साओ यांनी माकडाच्या मेंदूतल्या सुमारे २०० पेशींचे संदेश नोंदवले. चेहऱ्यांचं वर्णन त्यांनी ५० मितींत केलं होतं, २५ आकाराच्या आणि २५ रंग-पोताच्या. प्रत्येक पेशीचा स्वतःचा एक अक्ष निघाला. चेहऱ्याच्या सदिशाचा त्या अक्षावर पडणारा प्रक्षेप जेवढा मोठा, तेवढी पेशी जोरात बोलते. अक्षाला काटकोनात चेहरा कितीही बदला, तिला पत्ताच लागत नाही. एवढ्याशा पेशींच्या बोलण्यावरून माकडाने पाहिलेला चेहरा बऱ्यापैकी हुबेहूब परत रेखाटता आला.

यावरून माझा तर्क असा. नेहमीच्या सिक्वेलमध्ये ग्राफिक्स सुधारतात, म्हणजे बहुतेक फरक पोताच्या मितींत, म्हणजे रंग-पोत सांगणाऱ्या मापांत, पडतो. कातडी तुकतुकीत होते, केस सुटे होतात, पण नाक-डोळे जागच्या जागी राहतात, म्हणून कोणी ओरडत नाही. चित्रशैली बदलली की आकाराच्या मितीही एकदम सरकतात. शेकडो तास जुना लिंक बघून बसवलेल्या सरासरीपासून नवा लिंक फार लांब पडतो. मात्र ती सरासरी जागची हलू शकते; फक्त शेकडो तासांची सवय मोडायला ट्रेलरची दोन-तीन मिनिटं अपुरी पडत असावीत.

पैशांच्या बाबतीत आपण सगळे यातून गेलोय. नोटा नाशिक रोडलाच छापल्या जातात, तरी २०१८ मध्ये जांभळट शंभराची नोट हातात आली तेव्हा 'ही तर व्यापार खेळातली' असंच अनेकजण म्हणाले. ती १४२ बाय ६६ मिलिमीटर, जुनी १५७ बाय ७३. आज कपाटाच्या तळाशी जुनी शंभराची सापडली, तर तीच अवाढव्य वाटते. (दोन हजारच्या नोटेत चिप शोधणाऱ्यांना हे परिवर्तन जाणवलं की नाही, कोण जाणे.)

नुसतं पुन्हापुन्हा दिसल्याने गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं होतं. १९८० मध्ये त्याने विल्यम कुन्स्ट-विल्सनसोबत लोकांना अष्टकोनी आकृत्या फक्त एक मिलिसेकंद दाखवल्या. कोणती पाहिली हे लोकांना ओळखता येईना, तरी आवड विचारली की कल पाहिलेल्या आकृत्यांकडे झुकायचा. 'अवचेतन मनाची शक्ती' विकणाऱ्या शिबिरांत असले प्रयोग तिखटमीठ लावून सांगितले जातात. अष्टकोन किंचित बरा वाटणं आणि दहावीला पोराचे टक्के वाढणं यांत बरंच अंतर आहे, तेव्हा फी भरण्याआधी विचार करावा.

तर मग कंपन्यांनी 'होईल सवय' म्हणून काहीही रेटावं का? इथे २०१३ चा एक प्रयोग आडवा येतो. ॲरन मेस्किन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानांमधून दोन चित्रकारांची चित्रं वारंवार दाखवली: नावाजलेला जॉन एव्हरेट मिले, आणि समीक्षकांनी गोडगोड म्हणून नाक मुरडलेला थॉमस किंकेड. किंकेडची चित्रं जितकी जास्त दिसली, तितकी मुलांना कमी आवडली. मिलेच्या बाबतीत तसं घसरणं झालं नाही. म्हणजे सवय ही एकतर्फी मदत नव्हे. जास्त बघितलं की चित्रातलं उणंही जास्त दिसतं.

सरासरी सरकते हा तर्क खेळांना लागू पडतो का, हे तपासता येईल. नव्या शैलीचा खेळ दहा तास खेळणाऱ्यांना आधी आणि नंतर केवळ नवा चेहरा दाखवू नका, जुनाही दाखवा. तर्क बरोबर असेल, तर नवा सुधारलेला दिसेल आणि जुना उलट्या बाजूने थोडा बिघडलेला: डोळे बारीक, चेहरा उगाच लांबुळका. जुना होता तसाच दिसला आणि नवा तेवढा आवडू लागला, तर माझा तर्क चुकला आणि श्रेय झायन्सच्या सवयीला द्यावं लागेल. कॉलेज रोडवरच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घ्या. एमआरआय लागत नाही, एक कन्सोल आणि खेळायला तयार मित्र पुरतात.