ठाणे, वाशी आणि चार नोंदी : मोठ्या इमारतीतील घड्याळे एका वेळेवर कशी आणावीत?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीची प्रसूती ठाण्यातील एका रुग्णालयात झाली. बाळाचा पहिला टाहो बाहेर ऐकू आला तेव्हा व्हरांड्यातील घड्याळात ४ वाजून १६ मिनिटे झाली होती. आत प्रसूतिकक्षातील घड्याळ पाहून परिचारिकेने केसपेपरवर ४ वाजून १२ मिनिटे अशी नोंद केली आणि संगणकावर उमटलेली वेळ होती ४ वाजून १४ मिनिटे. एकाच मजल्यावर, एकाच घटनेच्या तीन वेळा. घरातील वडीलधाऱ्यांना चिंता पडली ती पत्रिकेची. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, की ती चिंता अनाठायी होती. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या ओळखायला दिल्या होत्या. त्यांच्या अचूक उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते तेवढेच. जन्मवेळ मिनिटभर पुढेमागे झाल्याने बाळाचे काहीही बिघडत नाही.

बिघडते ते दुसरीकडे. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला ॲड्रेनलिन दर ३ ते ५ मिनिटांनी द्यावे लागते. एक मात्रा भिंतीवरचे घड्याळ पाहून नोंदवली आणि पुढची मॉनिटरचे घड्याळ पाहून, तर चार मिनिटांचा फरक दोन मात्रांमधले सगळे अंतरच गिळून टाकतो.

ही घड्याळे चुकतात ती कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण कारखान्यातून बाहेर पडतानाच त्यात दहा लाखांत २० भागांपर्यंत फरक असू शकतो. दिवसाला तो पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे ५० सेकंद होतो. शिवाय हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो, आणि तापमान त्याहून वाढले काय किंवा घटले काय, दोन्हीकडे तो मंदावतो. वातानुकूलित कक्षातील आणि मे महिन्यातील प्रवेशद्वारावरचे घड्याळ एकाच दिवशी लावले, तरी त्यांच्या वाटा लगेच वेगळ्या होतात. एक पुढे जाणारे आणि एक मागे पडणारे असेल, तर तीन महिन्यांत चार-पाच मिनिटांची तफावत सहज पडते. विजेच्या ५० हर्ट्झवर चालणारी घड्याळे हाही उपाय नाही. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात फिरत असते आणि ती दिवसभर ४९.९५ राहिली, तर घड्याळ ८६ सेकंद मागे पडते.

म्हणून मोठ्या इमारतीत एक मुख्य घड्याळ असावे आणि बाकी सर्वांनी त्याचे ऐकावे, ही कल्पना पुढे आली. जुन्या पद्धतीत मुख्य घड्याळ दर मिनिटाला तारेतून विजेचा एक ठोका पाठवत असे, बहुधा २४ व्होल्टचा, आणि प्रत्येक ठोक्याला धन व ऋण टोके अदलाबदल करीत असे. त्यामुळे त्याच दिशेचा एखादा उपटसुंभ ठोका तारेत शिरला, तरी काटा हलत नसे. ही रचना अनेक दशके टिकली, पण तिच्यात एक उणीव होती. ठोका म्हणजे ‘एक पाऊल पुढे टाक’ एवढीच आज्ञा. आता किती वाजले, हे त्यातून कळत नाही. एखादे घड्याळ एक ठोका चुकले, की कोणीतरी शिडी लावून ते दुरुस्त करेपर्यंत ते एक मिनिट मागेच राहते.

आजची घड्याळे संगणकाच्या जाळ्यातून वेळ विचारतात. त्यासाठीची एनटीपी ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी विकसित केली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. विचारलेल्या वेळेचे उत्तर वाटेत रेंगाळत येते आणि हाती पडेपर्यंत शिळे होते. मग त्यावरून घड्याळ लावायचे कसे? या अडचणीवर तिने काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो, म्हणून तो सावकाश सांगतो.

समजा, तुम्ही ठाण्यात आहात, तुमचे मित्र वाशीत आहेत आणि फोन उपलब्ध नाही. तुमच्या घड्याळात १०.०० वाजता तुम्ही एका मुलाला चिठ्ठी देऊन ट्रान्स-हार्बर लोकलने पाठवता. तो पोहोचताच मित्र आपल्या घड्याळातील वेळ चिठ्ठीवर लिहितात : १०.३७. मुलगा थोडे पाणी पितो आणि निघतो तेव्हा मित्र पुन्हा लिहितात : १०.४७. तो परततो तेव्हा तुमच्या घड्याळात ११.१० झालेले असतात. मुलगा एकूण ७० मिनिटे बाहेर होता. त्यांतली १० मिनिटे तो वाशीत थांबला, म्हणजे प्रवास ६० मिनिटांचा. हे दोन्ही आकडे प्रत्येकी एकाच घड्याळावरचे आहेत, म्हणून घड्याळे एकमेकांशी जुळत नसली तरी ते खरे आहेत. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला असे धरले, तर एकेरी प्रवास ३० मिनिटांचा झाला. म्हणजे मुलगा वाशीला पोहोचला तेव्हा तुमच्या घड्याळात १०.३० होते आणि मित्रांच्या घड्याळात १०.३७. त्यांचे घड्याळ ७ मिनिटे पुढे आहे. चार नोंदींतून प्रवासाचा वेळ आणि घड्याळांतला फरक, दोन्ही निघाले.

सूत्राने सांगायचे तर दुसऱ्या नोंदीतून पहिली वजा करावी (३७), तिसरीतून चौथी वजा करावी (उणे २३), दोन्हींची बेरीज करावी (१४) आणि तिची निम्मी करावी (७). मात्र ‘जाता-येता सारखाच वेळ’ या गृहीतात सगळी मेख आहे. जाताना गाडी रखडली आणि ४० मिनिटे लागली, येताना २० लागली, तर एकूण प्रवास ६० मिनिटांचाच राहील, नोंदी १०.००, १०.४७, १०.५७ आणि ११.१० अशा होतील आणि उत्तर ७ ऐवजी १७ येईल. ही १० मिनिटांची चूक जाण्या-येण्यातील फरकाच्या बरोबर निम्मी आहे. यावरून असे निघते, की चूक काहीही झाले तरी एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. म्हणून एनटीपी अनेकदा विचारणा करते आणि ज्या फेरीला सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर अधिक विश्वास ठेवते. इमारतीतल्या जाळ्यात ही फेरी साधारण एक मिलिसेकंदाची असते, तेव्हा चूक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच राहणार. शिवाय फरक कळल्यावर संगणकाचे घड्याळ एकदम झटका देऊन हलवले जात नाही. फरक १२८ मिलिसेकंदांपर्यंत असेल, तर त्याचा वेग किंचित कमी-जास्त केला जातो, दहा लाखांत जास्तीत जास्त ५०० भाग, जेणेकरून वेळ कधी उलटी धावू नये आणि नंतर केलेली नोंद आधीची दिसू नये.

आता इमारतीला वेळ सांगणाऱ्या मुख्य घड्याळाला स्वतःला खरी वेळ कुठून कळते? भारतीय प्रमाण वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथील अणुघड्याळे सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांना एक सेकंद मानतात आणि ही वेळ इंटरनेटवरून एनटीपीने घेता येते. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकांची वेळ या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे. इंटरनेट बंद पडले तर काय, म्हणून जीपीएस उपग्रहांकडून वेळ घेणारा अँटेना गच्चीवर लावतात. पावसाळी ढगांनी जीपीएस बंद पडते, हा समज चुकीचा आहे. १,५७५ मेगाहर्ट्झच्या या लहरींना पाऊस जवळजवळ अडवत नाही. अडवतात त्या पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारचा टॉवर, आणि कोकणातल्या पावसाचे खरे संकट म्हणजे केबलच्या जोडात शिरणारे पाणी. अँटेनाला मोकळे आकाश, जलरोधक जोड आणि विजेपासून संरक्षण हवेच. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक प्रमाण वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे आणि ती सुधारण्याची माहिती उपग्रहाच्या साडेबारा मिनिटांच्या संदेशात एकदाच येते. नवे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर १८ सेकंद पुढे दिसले, तर ते परत पाठवण्याआधी पाव तास थांबावे.

खरेदी करताना ‘अणुघड्याळ’ असे छापलेल्या भिंतीवरच्या घड्याळांपासून सावध राहावे. त्यांत अणू नसतो, तर जर्मनी, अमेरिका किंवा जपानमधील दीर्घलहरींच्या केंद्राचा संदेश पकडणारा रेडिओ असतो, आणि आपल्याकडे असे केंद्र नसल्यामुळे ठाण्यात ते साधे क्वार्ट्झ घड्याळच ठरते. भारतीय वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यातला अर्धा तास यंत्रात नीट भरता येतो का, हे मात्र आवर्जून पाहावे.

घड्याळांना वीज आणि वेळ एकाच नेटवर्क केबलमधून देणारी पद्धत मला नव्या इमारतीसाठी सर्वांत योग्य वाटते. केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी, म्हणून उंच इमारतीत दर दोन-तीन मजल्यांवर नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक केबली जोडणारी पेटी, हवा आणि तो यूपीएसवर हवा. वाय-फायची घड्याळे जुन्या इमारतीत बसवायला सोपी पडतात, पण एक्स-रे कक्षाच्या भिंतीत शिशाचा पत्रा असतो, बॅटऱ्या संपतात आणि कोणी पासवर्ड बदलला की सगळी घड्याळे एकाच रात्री पोरकी होतात. काट्यांचे घड्याळ घेतले, तर काटे नेमके कुठे आहेत हे ओळखणारा संवेदक त्यात असावा. नसेल, तर जुन्या ठोक्याच्या घड्याळाचीच उणीव नव्या पेटीत येते. जागा निवडताना दक्षिण दिशेच्या भिंतीवर घड्याळ नको, असा आग्रह अनेकदा धरला जातो. त्याला कोणताही आधार नाही. ज्या भिंतीवर खाटेपासून आणि टेबलापासून नजर सरळ जाते, काचेवर खिडकीचा उजेड चमकत नाही, ती भिंत निवडावी, मग ती कोणत्याही दिशेची असो.

काम ताब्यात घेताना दोन चाचण्या मागाव्यात. पहिलीत अँटेना आणि इंटरनेट दोन्ही २४ तास तोडून ठेवावेत. मुख्य घड्याळात तापमानाचा परिणाम भरून काढणारा चांगला स्फटिक असेल, तर तेवढ्या वेळात ते सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक भरकटत नाही. दुसरीत संपूर्ण इमारतीची वीज घालवून जनरेटर सुरू करावा आणि प्रत्येक मजल्यावर एक माणूस उभा करून पाहावे, की कोणीही हात न लावता प्रसूतिकक्षातील आणि व्हरांड्यातील घड्याळ पुन्हा एकच वेळ दाखवू लागले का.