दोनदा, सहादा आणि चिवड्याचा डबा

२०१८च्या सुमारास आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. वडील दीक्षितांचे, वहिनी दिवेकरांची. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. मधल्या वेळेत काही खायचं नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडंथोडं खा. लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात त्या वर्षी हाच वाद होता. आमच्याकडे तो चार वाजताच्या चहाबरोबरच्या बिस्किटावरून रंगायचा. आणि वजन दोघांचंही उतरत होतं! वडिलांचं पाच महिन्यांत सहा किलो, वहिनीचं चार.

एक म्हणतो खाऊ नका, दुसरा म्हणतो खात राहा, आणि गुण दोन्हींचा येतो. मग गुण आणणारी गोष्ट तिसरीच असावी, असा संशय यायला हवा होता. पण घरात तेवढी शांतता नव्हती.

थोडंथोडं खाण्यामागे एक लोकप्रिय समजूत आहे ती चुलीची. शरीर म्हणजे चूल, तिच्यात सारखं काहीतरी सरकवत राहिलं की ती धगधगत राहते आणि चरबी जळते. यात तथ्याचा अंश आहे. खाल्लेलं पचवायला, शोषायला, साठवायला शरीराला ऊर्जा खर्चावी लागते. प्रथिनांतल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के या कामात जाते, पिठूळ पदार्थांतली ५ ते १० टक्के, आणि तेलातुपातली जेमतेम ० ते ३ टक्के. मिश्र जेवणाची सरासरी साधारण १० टक्के धरतात. आता हिशोब करून पाहा. दिवसाला १८०० कॅलरी खायच्या आहेत. सहा वेळा ३००-३०० खाल्ल्या तर दर वेळी ३० खर्ची पडतात, एकूण १८०. दोन वेळा ९००-९०० खाल्ल्या तर दर वेळी ९०, एकूण पुन्हा १८०च. चुलीत लाकडं एकेक घाला की मोळी एकदम घाला, उष्णता लाकडांच्या वजनाइतकीच मिळणार.

हा हिशोब माणसांवर तपासूनही झाला आहे. त्यासाठी एक बंद खोली असते. आत पलंग, टेबल, संडास. जेवण झडपेतून आत येतं. खोलीत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सतत मोजत राहायचा. त्यावरून आतल्या माणसानं किती ऊर्जा जाळली आणि त्यात चरबी किती होती, हे काढता येतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अशा खोलीत १५ जणांना ठेवून २०१३ साली निष्कर्ष छापले गेले. तेच अन्न, एकदा तीन भागांत, एकदा सहा भागांत. २४ तासांत जळलेल्या चरबीत फरक नाही. फरक पडला तो भुकेत, आणि तोही उलटा. सहा वेळा खायच्या दिवशी त्याच माणसांना भूक जास्त जाणवली. बशीत चार घास येतात आणि संपतात, पोट खवळतं आणि भरत मात्र नाही. ज्यांनी 'स्मॉल मील्स' केली आहेत त्यांना हे सांगायला नको.

मग 'जास्त वेळा खा, बारीक व्हा' हे आलं कुठून? त्याचा एक मोठा उगम प्रागमध्ये आहे. तिथल्या फाब्री आणि सहकाऱ्यांनी ६० ते ६४ वयाच्या ३७९ पुरुषांची पाहणी करून १९६४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. दिवसातून कमी वेळा खाणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा जास्त होता आणि कोलेस्टेरॉलही जास्त होतं. बातमी जगभर गेली. पण पाहणीत एक खोच असते. ज्याचं पोट सुटलंय तोच माणूस 'आजपासून सकाळचा नाश्ता बंद' म्हणतो. म्हणजे जेवणं कमी म्हणून लठ्ठ, की लठ्ठ म्हणून जेवणं कमी? छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडत नाही. शिवाय 'दिवसातून किती वेळा खाता?' या प्रश्नाला माणसं जे उत्तर देतात, त्याच्या खरेपणाकडे थोड्या वेळानं वळू.

गंमत अशी की पन्नास वर्षांनी प्रागमधूनच उलटा निकाल आला. २०१४ साली तिथल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर प्रयोग केला. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी, असा आहार १२ आठवडे सहा छोट्या भागांत आणि १२ आठवडे फक्त नाश्ता व दुपारचं जेवण असा दोन भागांत. सहा वेळा खाताना सरासरी २.३ किलो वजन उतरलं, दोन वेळा खाताना ३.७ किलो. दोन वेळावाल्यांना हा निकाल आवडतो, आणि त्यांनी तो जरूर सांगावा. फक्त दोन गोष्टी त्याला जोडून सांगाव्यात. एक, रात्रीचं जेवण गाळलं होतं. आपल्याकडे दोन वेळा जेवणारे बहुधा सकाळ गाळतात. दुसरी, माणसं खोलीत बंद नव्हती, घरी होती. सांगितलेलं तेवढंच खाल्लं की दोन वेळांच्या शिस्तीत हात आणखी आखडला गेला, हे अशा प्रयोगात शेवटपर्यंत सांगता येत नाही. कॅनडातल्या अशाच एका छोट्या प्रयोगात, १६ लठ्ठ व्यक्तींवर आठ आठवडे, तीन जेवणं आणि तीन जेवणं अधिक तीन खाऊ यांत वजनाचा काही फरक निघाला नव्हता.

दोन वेळांच्या पक्षाचा मुख्य मुद्दा इन्शुलिनचा, म्हणजे जेवल्यावर स्वादुपिंडातून रक्तात येणाऱ्या संप्रेरकाचा असतो. ही मांडणी मूळची नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. जितक्या वेळा खाल तितक्या वेळा इन्शुलिन स्रवणार, इन्शुलिन जास्त असेल तोवर चरबी जळणार नाही, म्हणून तोंड उघडायच्या वेळाच कमी करा. ऐकायला चोख. इन्शुलिन चरबी साठवायला लावतं हे खरंच आहे. पण स्वादुपिंड घास नाही, साखर मोजतं. शेंगदाण्याच्या चार दाण्यांना जेवढं इन्शुलिन लागतं तेवढंच श्रीखंडपुरीला लागत नाही. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८९ साली याची टोकाची परीक्षा घेतली होती. सात पुरुषांना तेच अन्न दोन आठवडे तीन जेवणांत आणि दोन आठवडे १७ खाऊंमध्ये विभागून दिलं. सतरा! दीक्षित पक्षाच्या हिशोबानं या मंडळींच्या रक्तात इन्शुलिनचा पूर यायला हवा होता. प्रत्यक्षात सरासरी इन्शुलिन जवळपास २८ टक्क्यांनी कमी भरलं. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सतरा वेळा खायला त्यांना वेळ कुठून मिळाला?" प्रश्न रास्त आहे.

तर आता त्या खरेपणाकडे. 'मी काहीच खात नाही हो, मला हवा लागली तरी वजन वाढतं' हे वाक्य प्रत्येक डॉक्टरनं ऐकलेलं असतं. १९९२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हे वाक्य गंभीरपणे घेतलं. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन हलत नाही अशी तक्रार असलेली दहा माणसं निवडली आणि त्यांना एक खास पाणी प्यायला दिलं. या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड प्रकारचा असतो. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्यातून आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. त्यामुळे हा जड ऑक्सिजन लवकर संपतो. लघवीचे नमुने घेऊन दोघांतला फरक पाहिला की माणसानं या दिवसांत किती कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे किती ऊर्जा खर्चली, ते कळतं. या पाण्यापुढे वहीतल्या नोंदींची मात्रा चालत नाही. निघालं असं की त्या माणसांचा चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग, अगदी ठीक होता. खाणं त्यांनी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मला हे पटलं नाही, म्हणून मी एक रविवार स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो. आमच्या फोडणीच्या पळीत १८ ग्रॅम तेल मावतं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणजे एका पळीत १६०. आई 'अर्धी पळी' म्हणते तेव्हा पळी तिरकी असते आणि पाऊण भरते. ऑफिसात मी चार चहा पितो. प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. त्यात म्हशीच्या दुधाचे दीडपावणेदोनशे. हे सव्वातीनशे माझ्या डोक्यातल्या 'दिवसात काय खाल्लं' या यादीत कधी आलेच नव्हते, कारण चहा हे खाणं नव्हेच. आणि चिवड्याचा डबा. तळलेल्या चिवड्यात १०० ग्रॅमला ५००च्या आसपास कॅलरी असतात. जाता-येता एक मूठ उचलली ती काट्यावर ठेवली तर २२ ग्रॅम भरली, म्हणजे ११०. त्या रविवारी मी डबा किती वेळा उघडला हे बायकोनं गुपचूप मोजलं होतं. मी म्हणालो तीनदा. ती म्हणाली सातदा.

माझ्या मते दीक्षित आणि दिवेकर दोघांचंही यश या डब्यापाशी आहे. दोनदाच जेवायचं ठरलं की डबा बंदच राहतो, चार चहाही जातात. आणि दर दोन तासांनी ठरवून फळ, दाणे, ताक घेणाऱ्या वहिनीला संध्याकाळी सहाला वडापावच्या गाडीपुढे हतबल होण्याची वेळ येत नाही. ज्याला जी शिस्त झेपेल ती. पण सहा वेळा खायचा सल्ला ऐकून जुनी तीन जेवणं तशीच ठेवून वर तीन खाऊ चढवणारेही मी पाहिलेत. त्यांचं वजन वाढलं.

उपासाचं तेच. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच आलेली नाही. बशीभर साबुदाण्याच्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या २६०, मूठभर दाण्याच्या कुटाच्या १७०, दोन चमचे तुपाच्या ९०, बटाट्याच्या ४० कॅलरी मोजा. साडेपाचशे ओलांडले. दोन फुलके, वाटीभर भाजी आणि थोडा वरणभात यात एवढंच होतं, आणि पोट अधिक वेळ भरलेलं राहतं. रात्रीच्या भाताची भीतीही अशीच. भाताला घड्याळ कळत नाही. रात्री तो नडतो, कारण दिवसभर मोजून खाल्लेला माणूस रात्री टीव्हीपुढे बसून ताटात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढून घेतो.

'जेवण चुकवलं की शरीर उपासमारीच्या पवित्र्यात जातं आणि वजन वाढतं' हेही ऐकू येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचा चयापचय खूप मंदावला, हे खरं. पण वजन? जवळपास पाव भाग उतरलं. एकाचंही वाढलं नाही. नाश्ता चुकल्यानं शरीर घाबरत नाही. माणूस घाबरतो आणि अकरा वाजता समोसा खातो.

वजनकाट्याबद्दल एक सांगायला हवं. लग्नाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा दोन किलो जास्त दाखवतो आणि घरात हाहाकार होतो. एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. दोन किलोला १५,४००. तुपासकट एका पुरणपोळीच्या ३५० धरल्या तर नेहमीचं जेवण जेवून वर ४४ पुरणपोळ्या. आमच्या आजोबांच्या पिढीत असे वीर असतीलही, पण बहुतेकांचं ते वाढलेलं वजन मिठानं धरून ठेवलेलं आणि साठवलेल्या साखरेबरोबर आलेलं पाणी असतं. कोणतंही डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं तेही बरंचसं हेच पाणी. जाहिरातींत नेमका पहिलाच आठवडा का असतो, ते यावरून कळावं.

दोनदा जेवून माणूस जाडही होऊ शकतो. जपानचे सुमो पैलवान सकाळी उपाशीपोटी सराव करतात, दुपारी भरपूर जेवतात आणि झोपतात. यावरून 'नाश्ता गाळला की सुमो होतो' असा संदेश फिरत असतो. कोल्हापूरच्या तालमीतही पहाटेचे जोर पोटात काही नसतानाच मारतात, मग थंडाई, दूध, तूप असा खुराक. कुणी तिथल्या पैलवानाला विचारून पाहावं की तुझी छाती नाश्ता चुकवल्यानं झाली की खुराकानं.

वडिलांची गोष्ट राहिली. त्यांना मधुमेह आहे आणि साखर उतरवणारी एक गोळी ते सकाळी घेत. दोन जेवणं सुरू केल्यावर नवव्या दिवशी सकाळी अकराला ते खुर्चीत घामानं भिजलेले, हात थरथरताहेत. ग्लुकोमीटरवर ५८. नाश्ता बंद झाला होता, गोळी तशीच चालू होती. पेल्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांत रंग परतला. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळी बदलून जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आणि वर विचारलं, "हे सुरू करायच्या आधी का आला नाहीत?" दोन जेवणं त्यानंतरही चालू राहिली. वहिनी त्या दिवसापासून त्यांच्या खिशात दोन ग्लुकोजची बिस्किटं ठेवते. ती खाल्ली तर तिसरं जेवण धरायचं का, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.