डिमसम म्हणजे महागडे मोमो नव्हेत

पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डांवर हल्ली ‘व्हेज डिमसम, सहा नग’ असं सर्रास छापलेलं असतं. मागच्या महिन्यात अशाच एका हॉटेलात भाचीला घेऊन गेले. बांबूची टोपली आली, झाकण उघडलं, तर आत मैद्याच्या पारीतले कोबी-गाजराचे मोमो. कोपऱ्यावरच्या गाडीपेक्षा तिप्पट दर. भाचीने विचारलं, “मावशी, मग फरक काय, टोपलीचाच?” तिला तिथे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

डिमसम हे एका पदार्थाचं नावच नाही. आपण दिवाळीत ‘फराळाला या’ म्हणतो, तेव्हा त्यात चकली, चिवडा, अनारसे, शंकरपाळे सगळं येतं. डिमसम म्हणजे तसा फराळ. मोमो त्या मानाने करंजी, एकच ठरावीक पदार्थ. आणि ही करंजी त्या फराळाच्या ताटातलीसुद्धा नाही, ती दुसऱ्याच घरची आहे.

डिमसमचं घर दक्षिण चीनमधलं ग्वांगझू आणि शेजारचं हाँगकाँग. तिथली माणसं ‘डिमसम खायला चला’ असं फारसं म्हणत नाहीत, ‘याम चा’ म्हणतात, म्हणजे चहा प्यायला चला. बसल्याबसल्या पहिला प्रश्न येतो तो कुठला चहा हवा हा: मुरवलेला काळसर बो ले, जाईच्या वासाचा, की शेवंतीची फुलं घातलेला. पुष्कळ जण पहिल्या गरम चहाने आपापल्या वाट्या-काड्या विसळून घेतात. शेजाऱ्याने कप भरला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवून आभार मानायचे. सम्राट च्येनलुंग वेश पालटून हिंडत असताना त्याने नोकराला चहा ओतून दिला. नोकराला तिथे साष्टांग घालता येईना, म्हणून त्याने बोटांनाच गुडघे टेकायला लावले, अशी त्यामागची आख्यायिका. किटली रिकामी झाली की हाक मारायची नाही, झाकण तिरकं करून ठेवायचं. सकाळी आजी-आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसतात, रविवारी तीन पिढ्या एका गोल टेबलाभोवती असतात. टोपलीत तीन-चारच नग, कारण पोट एका टोपलीने नाही, दहा प्रकारांनी भरायचं असतं. वाफवलेले, तळलेले, भट्टीतले, गोडसुद्धा: तांदळाच्या पातळ पिठाची मऊ गुंडाळी च्योंग फन, कमळाच्या पानातला चिकट भात, मुळ्याची खरपूस भाजलेली वडी, कोंबडीचे पाय, शेवटी अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट.

गोंधळ होतो तो या ताटातल्या एका पदार्थामुळे, त्याचं नाव ‘हा गाऊ’. कोळंबी भरलेला, चुण्या घातलेला, दुरून पाहिला तर मोमोच. पण तो कसा करतात हे पाहिलं तर मराठी माणसाला मोमो आठवणार नाही, उकडीचा मोदक आठवेल. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तशाच गव्हाच्या पांढऱ्याशुभ्र स्टार्चचं हे पीठ. त्यात बहुधा ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचाही स्टार्च घालतात. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची. या पिठात ग्लुटेन जवळपास नाहीच, त्यामुळे ते ताणलं जात नाही. म्हणून कारागीर लाटणं घेत नाही. रुंद सुरीच्या पात्याला तेलाचा हात लावतो, गोळी त्याखाली दाबून फिरवतो आणि एका झटक्यात गोल पारी होते. मग तळहातावर कोळंबी ठेवून एकाच बाजूला बारीक चुण्या. सातपेक्षा कमी चुण्यांचा ‘हा गाऊ’ जाणकारांना पटत नाही. पाच-सहा मिनिटं वाफ दिली की पारी काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसू लागते. थोडा वेळ तसाच राहिला की पारी कडक होऊन फाटते. म्हणून टोपली आली की गप्पा थांबवायच्या.

मोमोची जात वेगळी. तो तिबेटचा, नेपाळचा, सिक्कीम-दार्जिलिंगचा. मैदा साध्या पाण्यात मळून, मुरवून, कडेला पातळ आणि मध्ये जाड लाटायचा. ग्लुटेनमुळे पारी चिवट होते, रस बाहेर येऊ देत नाही, आणि गाडीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मजल्यामजल्यांच्या भांड्यात बराच वेळ वाफेवर राहिली तरी टिकते. तिबेटात आत याकचं मांस, काठमांडूत म्हशीचं, मसाला घातलेलं. नेपाळात प्लेटीत बहुधा दहा नग, आणि सोबत टोमॅटो-तिळाचा अचार. त्यात घालतात तो तिमूर म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. हा अचार मोमोचा अर्धा जीव आहे. दिल्लीतल्या मजनू का टीला या तिबेटी वस्तीतून आणि तशा इतर वस्त्यांतून मोमो आपल्याकडे पसरला, तेव्हा अचाराच्या जागी लाल चटणी आणि मेयोनीज आलं.

हीच चटणी ‘हा गाऊ’वर ओतली की सगळं संपलं. तिथे चव कोळंबीच्या गोडीची असते, सोबत थोडा सोया सॉस किंवा मिरचीचं तेल पुरे.

शाकाहारी मंडळींनी मात्र नावावर जाऊ नये. हाँगकाँगच्या मुळ्याच्या वडीत बहुधा सुकी कोळंबी आणि डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, तळलेल्या अळकुडीच्या गोळ्यात खिमा, आणि खुसखुशीतपणा पुष्कळदा डुकराच्या चरबीचा. तिथे बौद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, ती शोधावीत.

भाचीला आता मी दोन्ही वेगवेगळं खायला घालणार आहे. मोमो गाडीवर, उभ्याने, नाक गळेपर्यंत तिखट. आणि डिमसमसाठी आधी असं ठिकाण शोधणार, जिथे मेन्यूच्या आधी चहाचं विचारतात.