"सुई डोळ्यातच खुपसता का जी?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की आमच्या नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. नाही काकाजी, डोळ्याच्या गोळ्यात सुई कोणी खुपसत नाही. पूर्ण बेशुद्धही सहसा करत नाही, फक्त डोळा बधिर करतो, आणि तो कसा करायचा ते तुमचा डोळा तपासून ठरतं, शेजारच्या काकूंना काय दिलं होतं त्यावरून नाही.

सगळ्यात सोपे म्हणजे थेंब. टाकल्यावर जरा चुरचुरतं, मग पटकन बधिर होतं. फॅड नवं नाही बरं का, १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर या डॉक्टरांनी कोकेनच्या थेंबांनी हे सुरू केलं (आता प्रोपॅराकेन वापरतात, घाबरू नका). यात डोळा हलू शकतो, हात लागलेला कळतो, म्हणून लाइटकडे बघत शांत पडून राहणाऱ्यालाच हे जमतं.

दुसरा प्रकार इंजेक्शनचा, लिग्नोकेन-बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधांचं. खालच्या पापणीजवळून, हाड आणि डोळा यांच्या मधल्या जागेत. टोचताना दुखतं, खोटं कशाला बोलू, पण थोडाच वेळ. मग डोळा दाबून ठेवतो, दहाएक मिनिटांत हलायचा थांबतो, पापणी जड होते, दिसणंही अंधुक होतं. उमरेडच्या एक आजी "डोळा गेला माझा" म्हणून रडायलाच लागल्या होत्या! काही तासांत भूल उतरते, तोवर पट्टी काढायची नाही, आणि मधे एकाचे दोन दिसले तर घाबरायचं नाही.

तिसऱ्यात टोकदार सुई नसतेच. थेंबांनी बधिर करून पांढऱ्या भागावरच्या पडद्याला बारीक चीर देतात आणि बोथट वाकड्या नळीने औषध आत सोडतात, याला सब-टेनॉन म्हणतात. मायनस नंबर खूप मोठा असेल तर डोळा लांबट असतो, सुई लागायची भीती जास्त, तिथे हे बरं पडतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनाही. त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी आम्हाला सांगा.

खोकला असेल, दम लागत असेल, उताणं झोपवत नसेल तर तेही लपवू नका. ऑपरेशनच्या दिवशी खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सकाळपासूनच बंद, टेबलावर ठसका लागला की आमचा हात थांबतो. आणि तोंडावर कापड टाकल्यावर नाक खाजलं तर हात वर आणायचा नाही, तोंडाने सांगा, आम्ही खाजवून देतो.