ब्लेड, लाख आणि उत्तर दिशा

तुटकी ग्रामोफोनची तबकडी, दाढीचं ब्लेड, फुटक्या तावदानाची काच. दुसऱ्या महायुद्धात ॲल हेक हा ऑस्ट्रेलियन वैमानिक एवढ्या भंगारातून होकायंत्रं बनवत होता, तेही जर्मनांच्या कैदेत. आज पोलंडमध्ये असलेल्या झागानजवळच्या ‘श्टालाग लुफ्ट 3’ या छावणीतून भुयार खणून पळायची तयारी चालली होती.

होकायंत्राचा जीव सुईत. ब्लेडच्या बारीक पट्टीवरून चुंबक एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फिरवला, की पोलादातल्या सूक्ष्म चुंबकी विभागांची दहा दिशांना असलेली तोंडं एका बाजूला वळतात. साधं मऊ लोखंडही असं वळतं, पण चुंबक दूर नेला की बरंचसं विसरतं. ब्लेडचं पोलाद कार्बनयुक्त आणि पाणी दिलेलं. धार टिकावी म्हणून आणलेला कठीणपणा चुंबकत्वही धरून ठेवतो.

खरी कसोटी घर्षणाची. तिथलं पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र जेमतेम 50 मायक्रोटेस्ला. त्यातही ते जमिनीत तिरकं घुसतं, म्हणून सुई आडवी फिरवायला त्याचा निम्म्याहून कमी भाग उरतो. एवढ्याशा जोरावर सुई वळायची, तर ती अणकुचीदार टोकावरच तोललेली हवी. त्यासाठी ग्रामोफोनचीच पिन कामी आली.

डबी तबकडीची. ती बेकेलाइटची, म्हणजे एका जुन्या कडक प्लॅस्टिकची होती असं पुष्कळदा लिहिलं जातं, ते मला पटत नाही. बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही, आणि हेक तर तबकडी तापवून कणकेसारखी साच्यात दाबत असे. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. बांगड्यांची, लिफाफ्यावरच्या मोहरेची तीच आपली लाख, आणि तेव्हा जगाला ती मुख्यतः भारतातूनच जाई. डबीच्या तळाशी ‘मेड इन श्टालाग लुफ्ट 3’ असा छापही असे!

24 मार्च 1944 च्या रात्री 76 जण निसटले. होकायंत्राच्या भरवशावर जंगलातून पायी निघालेल्यांना बर्फाने गाठलं. 73 जण पुन्हा पकडले गेले, त्यांतल्या 50 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हेक त्यांतलाच एक. दोन नॉर्वेजियन आणि एक डच असे तिघे सुटले. तिघांनीही छावणीपासून दूर जायला आगगाडी पकडली होती.