तायकू ली, चेंगडू

चीनमधील सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू येथील, उघड्या गल्ल्यांच्या मांडणीचे व्यापारसंकुल. जिनजियांग विभागात दात्सी या बौद्ध मंदिराला लागून ते वसले असून त्याचे क्षेत्रफळ सु. 1 लाख चौ. मी. आहे. स्वायर प्रॉपर्टीज व सिनो-ओशन या कंपन्यांनी ते उभारले. आराखडा हाँगकाँगच्या ओव्हल पार्टनरशिप या वास्तुसंस्थेचा आहे. दुकाने 2014 पासून टप्प्याटप्प्याने उघडली व औपचारिक उद्घाटन 2015 मध्ये झाले. ‘तायकू’ हे स्वायर समूहाचे चिनी नाव असून ‘ली’ म्हणजे जुन्या वस्तीतील आळी.

मंदिराच्या स्थापनेचा काळ वादग्रस्त आहे. स्थानिक परंपरा ती इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकात नेते. तथापि ‘दात्सी’ (महाकरुणा) हे नाव, आन लूशान या सेनापतीच्या बंडामुळे चेंगडूला आश्रयास आलेल्या तांग सम्राट श्वानझोंगने 756 च्या सुमारास दिल्याचे मानतात आणि तेथून पुढचा इतिहास अधिक विश्वसनीय वाटतो. पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रास भेट देणाऱ्या ह्यूएनत्संगाने येथेच उपसंपदा (पूर्ण भिक्षुदीक्षा) घेतली, असेही परंपरा सांगते. ही दीक्षा चेंगडूत 622 मध्ये झाल्याचे त्याच्या चरित्रावरून दिसते. परंतु तेव्हा मंदिराला आजचे नाव मिळालेले नसल्यामुळे नेमक्या स्थळाविषयी ठाम विधान न करणेच इष्ट. सध्याच्या मंदिरवास्तू मुख्यतः चिंग या मांचू राजवटीच्या (1644–1912) काळातील आहेत.

संकुलाचा आदर्श म्हणजे पश्चिम सिचुआनमधील ‘च्वानदौ’ पद्धतीचे घर. उत्तर चीनमध्ये जाड तुळयांवर आखूड खांब आणि त्यांवर पुन्हा तुळया, अशी चढती रचना असते. च्वानदौ घरात मात्र छपराखालच्या आडव्या लाकडांचा भार खांब थेट पेलतात आणि खांबांतून आरपार ओवलेल्या पातळ तुळया त्यांना एकमेकांशी जखडतात. त्यामुळे बारीक लाकूडही पुरते. भिंतींवर भार नसल्याने त्या बांबूच्या विणीवर माती व चुना लिंपून करता येतात. पावसापासून त्यांचा बचाव व्हावा म्हणून पागोळ्या (छपराच्या कडा) बऱ्याच पुढे काढलेल्या असतात. तायकू लीतील दोन-तीन मजली नव्या इमारतींत उतरती करडी छपरे व पुढे आलेल्या पागोळ्या आहेत, पण सांगाडा आधुनिक असून दर्शनी भागात काचेचा मुबलक वापर आहे. म्हणून ‘पारंपरिक’ हे विशेषण छपरांची ठेवण, इमारतींची उंची आणि गल्ल्यांची मांडणी यांपुरतेच घ्यावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आवारातील सहा जुन्या वास्तू दुरुस्त करून राखल्या आहेत, ही या प्रकल्पाची खरी जमेची बाजू होय. त्यांपैकी क्वांगतुंग सभागृह हे दक्षिण चीनमधील त्या नावाच्या प्रांतातून आलेल्या स्थलांतरितांचे मंडळघर होते. मिंग राजवटीच्या अखेरच्या युद्धांत ओस पडलेल्या सिचुआनमध्ये चिंग काळात बाहेरच्या प्रांतांतून मोठी वस्ती झाली, तिच्या परंपरेतील ही खूण. पितिएशी रस्त्यावरील चिंगकालीन चौकाचा वाडा आता ‘टेंपल हाउस’ या नावाने सुरू झालेल्या हॉटेलचे प्रवेशद्वार आहे. पितिएशी म्हणजे मांचू दरबारातील लेखनिक.