लोगोमागचा पांढरा चौकोन: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही बनवलेली वेबसाइट सुरू झाली की पहिला फोन बहुतेक वेळा एकाच कारणासाठी येतो. "वरची पट्टी निळी आहे, मग आमचा लोगो पांढऱ्या चौकोनात का?" याचं कारण असं, की छापखान्यातून तुम्हाला मिळालेली फाइल जेपीजी असते. जेपीजीत पारदर्शक जागा ठेवताच येत नाही. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला (पिक्सेलला) कुठला तरी रंग द्यावा लागतो, आणि लोगोभोवतीची मोकळी जागा पांढरी भरली जाते. म्हणून लोगो करून घेताना मूळ एसव्हीजी फाइलही मागून घ्या. निदान पीएनजी तरी. या दोन्ही प्रकारच्या फाइलींत मागची जागा पारदर्शक ठेवता येते.

आपल्या सोलापूरच्या मालात खरी कसोटी लागते ती चादरीच्या दशांवर आणि टॉवेलच्या लूपवर. जुन्या जिफ प्रकारात ठिपका एक तर पूर्ण दिसतो, नाही तर अजिबात दिसत नाही. मऊ टॉवेलची कड कात्रीने कापल्यासारखी होते. पीएनजी १९९६ साली आलं. त्यात प्रत्येक ठिपका किती पारदर्शक हे ० ते २५५ अशा पायऱ्यांनी सांगता येतं, त्यामुळे दशेचा एकेक धागा मागच्या रंगात अलगद मिसळतो. पण फोटो पांढऱ्या कापडावर काढला असेल, तर काठाच्या अर्धवट ठिपक्यांत तो पांढरा आधीच मुरलेला असतो. मागे मरून रंग आला की चादरीभोवती खडूची रेघ ओढल्यासारखी दिसते. ही रेघ नंतर काढणं फार किचकट आहे. त्यापेक्षा मरून पानावर जाणाऱ्या मालाचा फोटो गडद कापडावर काढून पाठवा.

ब्राउझरचा त्रास एके काळी मोठा होता. २००१ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये अर्धपारदर्शक पीएनजीमागे राखाडी ठोकळा यायचा आणि त्यासाठी वेगळा फिल्टर लिहावा लागायचा. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ते सुधारलं. आता प्रश्न वेबपी या चित्रप्रकाराचा आहे. वजनाला हलकं, पारदर्शकही, पण सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, ते २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून चालतं. म्हणून आम्ही पानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये वेबपी आणि पीएनजी दोन्ही ठेवतो, ब्राउझरला जे चालतं ते तो दाखवतो. जुना आयफोन वापरणाऱ्या गिऱ्हाइकालाही तुमचा माल नीट दिसलाच पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोगो फोटो म्हणून पाठवू नका, पारदर्शकता जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेटवरून उतरवलेल्या काही चित्रांमागे राखाडी-पांढरे चौकडे असतात; बऱ्याचदा ते चित्रातच छापलेले असतात, त्याला पारदर्शक समजू नका. आणि अक्षरं काळी असतील तर काळ्या पानासाठी पांढऱ्या अक्षरांचा दुसरा लोगो हवाच, नाही तर दुकानाचं नावच गायब.

घरातल्या किंवा दुकानातल्या कुणाला हे काम शिकायचं असेल तर आम्हाला मनापासून आनंद आहे. आधी एचटीएमएल आणि सीएसएस या वेबपान लिहिण्याच्या भाषा हाताने लिहायला शिका, तयार थीम नंतर. चित्रांसाठी गिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पहिला सराव म्हणून एका टॉवेलचा फोटो घ्या, टॉवेलमागचा भाग पुसून टाका आणि तोच टॉवेल पांढऱ्या, काळ्या आणि मरून पानावर ठेवा. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत उघडा, मोबाइलवरही पाहा. कड कुठे बिघडते ते लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन आमच्याकडे या. त्या कागदावरूनच पुढचं शिकवू.